पांढरा शर्ट घालून येऊ नका

आधी कपड्यांचं बोलू. पांढरा शर्ट, फिकट साडी, कोरा कुर्ता असं काही अंगावर असेल तर बदलून या. आपण निघालोय तिथले लोक कापडाला रंग देऊन पोट भरतात. तुमच्या कापडाला तिथे जो रंग चढेल तो मात्र फुकट, आणि त्यात निवड नाही.

फार लांब जायचं नाही. सुरत म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी घोडे उभे राहतात. या वेळी घोडे नाहीत, लूट नाही, वखारी नाहीत. सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९, एवढंच मागे. मोबाइल तसाच चालेल. दोन हजाराची गुलाबी नोट चुकून कपाटात राहिली असेल तर तीही घ्या, आज तिला कुणी नाही म्हणणार नाही. एवढंसंच मागे जायचं तर काही वेगळं जाणवणार तरी का, असं वाटत असेल तर नाक उघडं ठेवा.

नंदुरबारला तुम्ही सुरतेच्या पॅसेंजरमध्ये शिरता. शिरता म्हणजे, मागच्याची पिशवी तुम्हाला आत ढकलते. तिघांच्या बाकावर पाच जण बसलेत, सहावे तुम्ही, एका मांडीवर. डब्यात लसणाच्या चटणीचा, जास्त पिकलेल्या केळ्यांचा आणि रात्रभर मिटून राहिलेल्या तोंडांचा वास कोंडलाय. नवापूरला गाडी थांबली की कुणीतरी तुम्हाला हौसेने सांगतंच की हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मान डोलवा, पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवा. मग उकाई-सोनगढ, व्यारा, बारडोली. उसाची शेतं संपत येतात, चलथान मागे पडतं आणि समोरच्या दोन बायका बोलता बोलता पदर नाकाशी नेतात. कारण विचारायची गरज पडत नाही. तेच खिडकीतून आत येतं. जळक्या गंधकाचा वास, त्याच्या पाठोपाठ गरम प्लास्टिकचा, आणि खाली कुठेतरी आंबट, शिरक्याचा. घसा आपोआप खाकरतो. डब्यातला एक म्हातारा पिशवी काखोटीला मारून उठतो आणि म्हणतो, "चला, उधना आलं." त्याने बाहेर पाहिलेलंही नसतं.

उधन्याला उतरून शेअर रिक्षा. मागे चार, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि तुमच्या गुडघ्यावर कुणाचा तरी पितळी डबा. रिक्षावाला गुजरातीत भाव सांगतो, शेजारचा भोजपुरीत घासाघीस करतो, मागून कुणी अहिराणीत हसतो, आणि सौदा हिंदीत पटतो. नवसारी रस्त्याला लागलात की पांडेसऱ्याच्या चिमण्या दिसू लागतात. मोजायला जाऊ नका. एकीमागे दुसरी लपते आणि धुरामागे दोन्ही. दिवाळी दोन आठवड्यांवर आलीय. देशभरातल्या बायकांच्या दिवाळीच्या साड्या या पट्ट्यात रंगतायत, त्यामुळे आज एकही चिमणी रिकामी नाही. आणखी पुढे भेस्तान.

तुमची ओळख ठरवून ठेवलीय. तुम्ही तिकडून आलेले पाव्हणे. एवढं पुरतं. या वस्त्यांमध्ये निम्म्या घरांत कधी ना कधी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेला पाव्हणा असतोच, आणि त्यातले बरेचसे नंतर परत जात नाहीत.

"या, बठा," जिच्या घरी आपण उतरतो ती मावशी म्हणते. तुम्ही ओट्याच्या कठड्याला टेकू लागता तशी ओरडते, "त्याले हात लावू नका!" उशीर झालेला असतो. तळहात पाहा. काळे, बारीक, कोरडे कण. बोटाने चुरडलेत तर रेघ उमटते. फुंकर मारू नका, डोळ्यात जातील. मावशी ओल्या फडक्याने कठडा पुसते. आजची ही दुसरी खेप, दुपारी तिसरी. तिच्या तुळशीची पानं वरून करडी आणि खालून हिरवी आहेत. पाण्याच्या पिंपावर ताट, ताटावर वीट. वाळत घातलेल्या कपड्यांवर जुन्या साडीचा आडोसा. मुलांचे शाळेचे पांढरे शर्ट तर ती घरातच, पंख्याखाली वाळवते.

मावशीच्या पुढ्यात साड्यांचा गठ्ठा पडलाय. धागा कटिंगचं काम. जरीच्या बुट्ट्यांच्या मागे लोंबणारे धागे बारीक कात्रीने कापायचे, नगावर पैसे. तुम्हीही बसा थोडा वेळ. दहा मिनिटांत अंगठा दुखायला लागेल. कात्री चालवता चालवता ती मान वर न करता सांगते, "आता टाकला कोळसा." तुम्ही पाहता तर खरंच, पलीकडच्या एका चिमणीतून काळा लोट बाहेर पडून वाकतोय. ताजा कोळसा पेटत्या थरावर पडला की सुरुवातीला नीट जळत नाही, त्याचा हा धूर. शेजारच्या चिमणीवर पांढरा लोट आहे, दिसायला त्याहून मोठा. त्याला तुम्ही जास्त घाबरता. मावशी घाबरत नाही. "ती वाफ शे," ती म्हणते. बरोबर सांगते. तिला जे दिसत नाही, आणि तुम्हालाही दिसणार नाही, ते केसाच्या जाडीपेक्षा कित्येक पटीने बारीक कण. ते कठड्यावर बसत नाहीत, फडक्याला लागत नाहीत. ते श्वासाबरोबर थेट छातीत जातात आणि तिथे त्यांना पुसायला कुणी नसतं.

अकरा वाजलेत. उन्हाने पत्रा तापला. चला, मिलमध्ये जाऊ.

नाव विचारू नका, या पट्ट्यात अशा मिल ओळीने उभ्या आहेत. फाटकाशी ताडपत्री घातलेला कोळशाचा ट्रक वजनकाट्यावर चढलाय आणि ड्रायव्हर पावतीसाठी हात पुढे करून उभा आहे. बाजूने आत सरका. पहिल्या शेडमध्ये ग्रे तागे रचलेत. यंत्रमागावरून आलेलं कोरं पॉलिएस्टर, मळकट, कडक. पुढच्या दारातून आत पाऊल टाकलंत की चष्म्यावर वाफ बसते. ही जेट मशीनची शेड. पॉलिएस्टर मोठं हट्टी, साध्या उकळत्या पाण्यात रंग धरत नाही. त्याला बंद भांड्यात, दाबाखाली, १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. एवढ्या सगळ्या पाण्याला एवढं तापवणारी वाफ कुठून तरी यायला हवी ना? ते 'कुठून तरी' मागच्या अंगाला आहे. आंबट वास इथलाच. रंगाच्या पाण्यात ॲसेटिक ॲसिड टाकतात, त्याचा. पायाखाली फरशी ओली, गुलाबी. आज गुलाबी, काल हिरवी होती. आवाज इतका की शेजारचा माणूस बोलतोय हे त्याच्या ओठांवरून कळतं. तोही तुमच्या ओठांकडेच पाहतोय.

पुढे स्टेंटर. ओलं कापड दोन्ही काठांना पकडून लांबलचक तापलेल्या पेटीतून धावतं आणि पलीकडून सुकून, ताणून, रुंदी धरून बाहेर येतं. आत दोनशे अंशांच्या आसपास तापमान. गरम प्लास्टिकचा जो वास गाडीत आला होता त्याचं माहेर हे. स्टेंटरवरच्या पोराचं वय विचारावंसं वाटेल. विचारा. तो अठरा सांगेल.

आता मागच्या अंगाला. बॉयलरघर.

इथे थोडं थांबायचं, कारण सगळा प्रवास यासाठीच केलाय. दोन भट्ट्या शेजारी आहेत. एक वाफेचा बॉयलर, दुसरा थर्मोपॅक. थर्मोपॅकमध्ये पाण्याऐवजी तेल तापतं आणि ते स्टेंटरला उष्णता पुरवतं. दोन्हींच्या पोटात कोळसा, कधी त्यात लिग्नाइट मिसळलेलं. लिग्नाइट इथून जवळच, तडकेश्वरच्या खाणीतही निघतं. स्वस्त पडतं, पण ओलं असतं आणि गंधक जास्त. नाना भट्टीवर आहे. वय पन्नास असेल, भुवया विरळ झालेल्या. कशाने, ते आत्ता कळेल. "घ्या," म्हणून तो फावडं तुमच्या हातात देतो. दार उघडतो. उष्णता आधी नडग्यांवर येते, मग पोटावर, मग चेहऱ्यावर, आणि पापण्या आपोआप मिटतात. डोळे मिटूनच फावडं आत रिकामं करा, सगळेच नवखे तसंच करतात. निम्मा कोळसा दारात सांडतो. नाना हसतो, दार लावतो, आणि वर बोट दाखवतो. मावशीचा काळा लोट. या वेळी तो तुमचा आहे.

शर्ट घामाने पाठीला चिकटलाय. आता शिडी चढा. चिमणीच्या अंगावर लोखंडी शिडी आहे, मध्यावर पिंजऱ्यासारखा कठडा. कठड्याजवळ चिमणीला भोक पाडून त्यात एक दांडी बसवलीय, दांडीच्या बाहेरच्या टोकाला डबा, डब्यातून वायर. हात लावू नका, तापलंय. चिमणीतून वर जाणारे कण दांडीजवळून जाताना तिच्यात अगदी सूक्ष्म विद्युतभार निर्माण करतात. कण जास्त तर भार जास्त. त्यावरून हवेत किती धूळ आहे ते निघतं, आणि हवा किती जातेय ते धरलं की किती किलो धूळ गेली तेही. दर मिनिटाला आकडा, रात्रंदिवस, थेट गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर. मिलमधले लोक त्याला 'सेम्स' म्हणतात. तुम्ही आत्ता टाकलेलं फावडं तिथे एका टोकदार शिखरासारखं नोंदलं गेलं असणार.

याआधी काय होतं, ते नाना खाली उतरल्यावर सांगतो. माणसं यायची, पंप आणि नळी घेऊन. चिमणीतली हवा ओढून कागदी टोपीसारख्या गाळणीतून न्यायची. त्या टोपीला थिंबल म्हणतात. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे धूळ. पद्धत चोख. फक्त ती वर्षातून एखादा दिवस व्हायची, आणि बाकीच्या दिवसांचं काय? "साहेब येणार म्हटल्यावर चांगला कोळसा टाकायचा, हळूहळू टाकायचा," नाना म्हणतो. तो हे लाजून वगैरे सांगत नाही. पाहुणे येणार म्हणून घर आवरतो, त्यात लाजायचं काय?

मर्यादा होती एका घनमीटरला १५० मिलिग्रॅमची. गुजरातेत कारखान्यांची तपासणी करणारे खासगी ऑडिटरही होते, आणि त्यांची फी तपासला जाणारा कारखानाच द्यायचा. पुढे काय होणार ते तुम्हीच सांगाल. अहवालांतले आकडे मर्यादेच्या जरासे खाली, एकापाठोपाठ एक, शिस्तीत बसलेले. संशोधकांनी एक प्रयोग केला. काही कारखान्यांना ऑडिटर सोडत काढून नेमून दिला, त्याची फी एका सामाईक निधीतून दिली, आणि त्याने घेतलेली मोजमापं दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतली. ऑडिटर खरं बोलू लागले. त्यांच्या मागोमाग कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. २०१३ साली छापून आलेल्या त्या शोधनिबंधावर चार नावं होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन. नावं लक्षात ठेवा, थोड्या वेळात एक उपयोगी पडणार आहे.

तीन वाजायला आलेत. ऑफिसमध्ये एसी आहे. आत शिरलात की घामाने भिजलेली पाठ एकदम गारठते आणि शिंक येते. टेबलावर मिठाईचा खोका उघडा. आज चंदी पडवो, कोजागिरीचा दुसरा दिवस, आणि आज घारी न खाणारा सुरती सुरती नाही. घारी उचला. वरचं तूप थिजून पांढरं झालंय, आत मावा, पिस्ता, वेलची. पहिला घास टाळूला चिकटतो. सोबत तिखट भुसू, नाहीतर दुसरा घास जाणार नाही. आणि पहिल्या घासाबरोबर थोडी काळी धूळही जाईल, हात धुतले नसतील तर. मी आधी सांगायला हवं होतं.

हिशेब पाहणारा तरुण संगणकासमोर बसलाय. पडदा बाजारभावाचा. एनसीडीईएक्सच्या ई-मार्केट्सचा, म्हणजे ज्या घराण्याची ओळख जिरं, धणे, एरंडीच्या सौद्यांनी झाली त्याचा. पण इथे विकायला जिरं नाही. धूर आहे. एक परवाना म्हणजे एक किलो धूळ हवेत सोडण्याची मुभा.

सगळा खेळ असा. मंडळाने सुरतेतल्या मिलच्या एका गटासाठी एकूण धूळ ठरवून टाकली, सुरुवातीला महिन्याला २८० टन, पुढे ती १७० टनांवर उतरेल. त्यातले ऐंशी टक्के परवाने मिलना फुकट वाटले, उरलेले वीस टक्के लिलावात. ज्याला कमी पडतील त्याने विकत घ्यावेत, ज्याच्याकडे उरतील त्याने विकावेत. किलोला ५ रुपयांच्या खाली भाव जाणार नाही, १०० च्या वर चढणार नाही. मुदत संपली आणि परवाने कमी पडले, तर किलोमागे २०० रुपये, आधी भरून घेतलेल्या अनामतीतून सरळ कापून. आणि यंत्रच बंद पडलं म्हणून हात वर करता येणार नाहीत, कारण रिकाम्या मिनिटांसाठी चढा आकडा धरला जातो. बारीक कणांच्या धुरासाठी असा बाजार जगात हा पहिलाच, असं सांगितलं जातं. खऱ्या पैशांचे व्यवहार सुरू होऊन महिना होत आलाय. त्याआधी लुटुपुटूचे सौदे करून सगळ्यांचा हात बसवून घेतला होता.

शेठ आत येतात. प्रश्न साधा आहे. धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या कापडी पिशव्या काही ठिकाणी फाटल्यात. दिवाळीआधी बदलायच्या म्हणजे एक दिवस भट्टी बंद, ऐन सीझनमध्ये. नाही बदलल्या तर जास्त धूळ, म्हणजे बाजारातून परवाने. तुम्ही काय कराल? बोला, सगळे तुमच्याकडे बघतायत. तुम्ही काही बोलायच्या आत शेठ स्वतःच बोटं मोजतात, ओठ हलवतात आणि सांगतात, "आत्ता घे. दिवाळीच्या सुट्टीत पिशव्या बदलू, उरले तर विकू." माझ्या मते त्या एका वाक्यात या बाजाराचं निम्मं सार आलं. वर्षानुवर्षं या ऑफिसात धुराचा विषय निघाला की तो वकील, नोटीस आणि बंदीच्या आदेशाच्या भाषेत निघायचा. आज तो भावाच्या भाषेत निघाला, आणि ती भाषा सुरतेतल्या कुठल्याही शेठला कायद्याच्या भाषेपेक्षा नक्कीच जास्त येते.

सव्वातीनच्या सुमाराला तरुणाचा फोन थरथरतो. व्हॉट्सॲपवर बातमी. अर्थशास्त्राचं नोबेल, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर. "बंगाली आहे," कुणीतरी म्हणतं. दुसरा लगेच दुरुस्ती करतो, आई मराठी! खरंच आहे, निर्मलाताई मूळच्या पाटणकर. ऑफिसातल्या एकुलत्या एका मराठी कारकुनाची मान क्षणभर ताठ होते आणि तो आणखी एक घारी घेतो. डुफ्लो हे नाव मात्र कुणाच्या कानात अडकत नाही. तुमच्या अडकलं असेल. सांगू नका त्यांना, पाव्हण्याने फार शहाणपणा करू नये.

त्यापेक्षा खिडकीतून बाहेर बघा. भिंतीपलीकडे दुसरी मिल आहे. तशीच भट्टी, तसाच कोळसा, चिमणीवर तसंच यंत्र. फक्त ती बाजारात नाही. ३१७ कारखाने निवडले, त्यांतले १६२ बाजारात घातले आणि १५५ जुन्या नियमाखाली ठेवले, तेही चिठ्ठ्या टाकून. नव्या औषधाची चाचणी घेताना रोग्यांचे दोन गट पाडतात, त्याच रीतीने. यंत्र दोघांनाही दिलं, म्हणजे फरक पडला तर तो मोजण्यामुळे नव्हे, बाजारामुळे, हे ठरवता यावं. युक्ती सुंदर आहे. फक्त दोन्ही मिलचा धूर भिंतीच्या खूप वर एकमेकांत मिसळतो आणि एकत्रच मावशीच्या कठड्यावर उतरतो. म्हणून तर संशोधकांना चिमणीच्या आतच मोजावं लागलं. कठड्यावरच्या कणाला तो कुठल्या गटातला, हे विचारता येत नाही. आणि चिठ्ठ्या टाकल्या त्या मिलच्या नावाच्या. राख झेलणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मी तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतोय.

आठ वाजता पाळी बदलते. फाटकाबाहेर उभे राहू नका, वाहून जाल. सायकली, चपला, डबे, बिड्या, रिक्षांचे भोंगे. आतून येणाऱ्यांच्या कोपरापर्यंत रंग चढलाय, कुणाचा निळा, कुणाचा राणी, आणि आत जाणाऱ्यांचे केस ओले, भांग पाडलेले. बारा तास आत, बारा तास बाहेर, आणि बाहेरच्या बारांतले आठ तास दहाजणांच्या खोलीत, आळीपाळीने. लारीवर लोचो वाफाळतोय, त्यावर तेल, शेव, कांदा. शेजारी एका खान्देशी माणसाची शेवभाजी. रस्सा लाल, तर्री वर. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी येतं. ते मसाल्याने की हवेने हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. भेडवाड खाडीकडून वारा सुटला की आणखी एक वास येतो. जेवण उरकून घ्या.

रात्री गच्चीवर बोलावणं आहे. मावशीच्या इमारतीत गुजराती कुटुंबं आहेत, ओडिया आहेत, आणि आज सगळे सुरती. चटया अंथरल्यात, घारीचे खोके मधोमध, पोरं चांदण्यात पळतायत. प्रत्येक खोक्यावर वर्तमानपत्र. कुणी सांगितलेलं नसतं, हात आपोआप झाकतात. एक आजी तुमच्या हातात घारी ठेवते, आणि तुम्ही दुपारपासून तिसऱ्यांदा 'नको' म्हणण्यात हरता. चंद्र किंचित तपकिरी आहे. पोरांना त्यात काही वावगं दिसत नाही. चंद्र असाच असतो, असं त्यांना वाटतं.

परत यायची वेळ झाली. येताना निकाल घेऊन येऊ, ते त्या गच्चीवरच्या कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हते. ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन यांनी ते २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. बाजारातल्या कारखान्यांनी बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी धूळ सोडली. जी सोडली तिच्या ९९ टक्क्यांचे परवाने त्यांच्याकडे होते, आणि जुन्या नियमाखालचे कारखाने मात्र निदान एक तृतीयांश वेळा मर्यादा ओलांडत होते. तेवढीच धूळ रोखायला बाजारात सुमारे ११ टक्के कमी खर्च आला. म्हणजे शेठ जे बोटांवर मोजत होते ते बरोबर होतं.

मग कार्बनचं काय? तोही त्याच चिमणीतून निघतो. इथे जरा पाटीवर हिशेब मांडू. १७० टन धूळ १६२ कारखान्यांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला महिन्याला साधारण एक टन येते. आता रोज २० टन कोळसा जाळणारी एखादी मिल धरा, महिन्याला ६००. कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो, त्यामुळे टनभर कोळशातून दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे महिन्याला हजाराच्या घरात टन. तो काळा नाही, त्याला वास नाही, कठड्यावर बसत नाही, आणि कितीही नव्या पिशव्या लावल्या तरी बॅग फिल्टरच्या कापडातून तो सरळ निघून जातो. धूळ पकडता येते. हा वायू रोखायचा तर कोळसाच कमी जाळावा लागतो. वाफेच्या उघड्या नळ्यांना गुंडाळी, वापरलेली वाफ निवून झालेलं गरम पाणी पुन्हा बॉयलरला, स्टेंटरमधून फुकट जाणाऱ्या उष्णतेने आत येणारी हवा तापवणं, कोळशाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याच्या विटा किंवा पाइपचा गॅस. नानाला यातलं निम्मं माहीत आहे. वाफ कुठे कुठे गळते हे तो डोळे मिटून सांगेल, फक्त ते विचारायला आजवर कुणी आलेलं नाही.

देशाने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली, आणि ज्या उद्योगांना ती लागू व्हायची त्यांत कापड उद्योगही आहे. गुजरातने तर त्याच्या आधीच, सुरतेचा अनुभव गाठीशी धरून, याच संशोधकांच्या संस्थांशी कार्बनच्या बाजारासाठी करार केला होता. त्या बाजारात चिमणीवरच्या दांडीची तेवढी गरज पडणार नाही. कोळसा किती आणला, कुठल्या प्रतीचा, एवढं कळलं की वायूचा आकडा कागदावरच निघतो. म्हणजे मोजमापाची जागा शिडीवरून खाली उतरून फाटकाशी येईल. सकाळी आपण शिरलो तेव्हा ताडपत्रीचा ट्रक उभा होता त्या वजनकाट्यापाशी, आणि ड्रायव्हर ज्या पावतीसाठी हात पुढे करून उभा होता तिच्यापाशी. त्या काट्यावर कोण बसतो, त्याचा पगार कोण देतो आणि ती पावती दुसरं कोण तपासतं, हे आताच विचारून ठेवलेलं बरं.